फुकटची शुश्रूषा

धुळ्याच्या दवाखान्यातून दोनपैकी एका नर्सला काढले, त्या दिवशी माझी बायको बायकांच्या वॉर्डात होती. तिला विषमज्वर होता. डॉक्टर म्हणाले होते, ‘‘या तापाला अजून औषध निघालेलं नाही, मास्तर. शुश्रूषा हेच औषध. पेशंटला उठू म्हणून द्यायचं नाही, आतडं नाजूक झालेलं असतं.’’ दवाखान्याच्या कमिटीने नेमके तेवढेच औषध कमी केले.

कमिटीचे अध्यक्ष कापसाच्या एका जिनाचे मालक होते. कापसातून सरकी काढावी, तसा हे शेठ कशातूनही खर्च वेगळा काढीत. त्यांचे म्हणणे असे, की खानदेशात आजारी माणूस एकटा येतच नाही. सोबत घरची बाई असतेच. ती पाणी पाजते, अंग पुसते आणि पगार मागत नाही. मग पगारी बाई कशाला? हा शोध ऐकून सभासदांनी माना डोलावल्या म्हणतात. उरलेल्या नर्सकडे दोन्ही वॉर्ड आले. ती धावताना दिसे. एकाही खाटेजवळ थांबलेली मी पाहिली नाही.

आमच्या घरात दुसरी बाई नव्हती, आणि पुरुषाला त्या वॉर्डात बसू देत नसत. गल्लीतल्या एक विधवा अक्का मायेने बायकोजवळ बसत. शेजारच्या खाटांचेही बघत. मग कापूस आला आणि शेठांचे जिन सुरू झाले.

‘‘मास्तर, आते नही गऊ ते वरीसभर काय खासू?’’ अक्का म्हणाल्या.

‘‘तुमचा रोज मी देतो.’’

‘‘तुम्हना पगार माले म्हाईत शे. त्याम्हा तुम्हनंच भागत नही.’’ त्या हसल्या, आणि डोळे पुसत जिनात कामाला गेल्या. बाकीच्या खाटांजवळच्या बायकाही कुणी वेचणीला, कुणी जिनात गेल्या. शेठांच्या बिनपगारी नर्सा शेठांनीच पगारावर ठेवल्या.

एका दुपारी मी वर्गावर असताना बायको पाण्यासाठी उठली. नर्स पुरुषांच्या वॉर्डात होती. आतड्यातून रक्त गेले. मी पोचलो तेव्हा बायको अजून बोलत होती. दिवेलागणीला गेली.

शेठ समाचाराला आले. रीतीला माणूस चोख.

‘‘बाईमाणूस जवळ असतं तर वाचल्या असत्या हो.’’

‘‘ते तुमच्या जिनात होतं, शेठ.’’

‘‘असं? काय करणार, मास्तर! हंगामात माणूस कमी पडलं की यंत्र अडतं.’’

खोटे बोलले नाहीत. यंत्राजवळचे माणूस त्यांनी कधी कमी केले नाही.

आता घरात मी एकटा असतो. भात जमतो. भाकरी अजून थापता येत नाही.