खड्डे बुजवायची हळद

माझ्या लग्नात नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन माझी थोरली जाऊ आली होती. माझ्या गालांवर मुरुमांचे खड्डे. तिनं ते अंगठ्यानं दाबून पाहिले आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अजून वाटा की हळद. हितं लई खड्डे बुजवायचेत." सगळ्या बायका हसल्या. माझी आईसुद्धा हसली, कारण मुलीकडच्यांना हसावंच लागतं. बावीस वर्षं झाली. मी ते विसरले नाही, विसरायचा प्रयत्नही केला नाही.

यंदा तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं की त्या मांडवात गुळगुळीत गालांनी मिरवायचं. सात रस्ता चौकाजवळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे लेसरची वेळ घेतली. नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही.

बाकावर नंबरची वाट बघत बसले होते. उन्हातून आलेली, तोंडाला स्कार्फ तसाच. शेजारी आणखी एक बाई, तीही डोळे सोडून गुंडाळलेली. इथल्या उन्हात स्कूटीवरच्या सगळ्याच बायका अशा हिंडतात, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. मग ती फोनवर कानडीत, आमच्याकडं सगळ्यांनाच कळते ती, बहिणीला सांगू लागली, कुणी विचारलं तर मी अक्कलकोटला मठात सेवेला गेलेय म्हण. आवाज ऐकला आणि मी स्कार्फ आणखी वर ओढला. माझी जाऊच! तिच्या गालांवर वांगाचे काळे डाग होते, ते लेसरनं घालवायला आली असणार. तिला आधी आत बोलावलं. मी मान खाली घालून बसून राहिले.

लेसर वरचं कातडं जाळून काढतो आणि खालून नवं येतं, एवढं मला समजलं. बधिर करायचं मलम लावूनही गालांवर तापलेलं तेल उडाल्यासारखं होत होतं. उठताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "महिनाभर ऊन नको. आणि हळद, बेसन, लिंबू काही चोळायचं नाही. हळद औषधी असते हे मला ऐकवू नका. या नव्या कातडीवर चोळलीत तर काळे डाग पडतील."

त्यांचं बोलणं संपायच्या आत माझं ठरलं होतं.

बाराव्या दिवशी हळद. आमच्यात आधी धाकटीनं थोरलीला लावायची, मग थोरलीनं धाकटीला. मी हिशेब केला होता की तिची एवढी आग होईल की ती तोंड धुवायला पळेल आणि माझी पाळी यायचीच नाही. मी दोन्ही हात ताटात बुडवले. ती हळूच म्हणाली, "गालाला नको गं, पित्त उठलंय. पायाला लाव."

"असं कसं अक्का? नवरीची आई तुमी!" मी मोठ्यानं म्हणाले. "अजून वाटा गं हळद!"

आणि चोळली. कपाळ, नाक, दोन्ही गाल, अंगठ्यानं दाबून दाबून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लेक सासरी निघाली म्हणून आईला रडू आलं, असं कुणीतरी म्हणालं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण ती पळाली नाही. तिनं शांतपणे आपले दोन्ही हात ताटात बुडवले आणि माझ्या कानाशी वाकली. "दवाखान्यात शेजारीच बसली हुतीस की. सासूबाईंनी आपल्या दोघींना एकसारखीच जोडवी केलीत, इसरलीस व्हय?"

मग तिनं चोळली. फोटोवाला म्हणाला, दोघी जावा जरा हसा. आम्ही हसलो. गाल पेटले होते, पण तोंड धुवायला कुणीच उठेना, कारण जी आधी उठेल ती हरणार होती. दीड तास आम्ही तशाच मांडीला मांडी लावून बसलो.

पुढं महिन्याभरानं त्याच बाकावर पुन्हा भेटलो, या वेळी तोंडं न बांधता. डाग जायला वर्ष लागेल, कदाचित पूर्ण जाणारही नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी घरी येऊन आरशासमोर रडले. खड्डे परवडले असते.

पण तिच्या उजव्या गालावरचा डाग माझ्यापेक्षा मोठा आहे. मी नीट बघितलाय.