राणीचं गोणपाट

राणी गेली त्या सकाळी समोरच्या डॉक्टरांनी स्कूटर थांबवून फाटकाबाहेरूनच हात जोडले. मी जोडले नाहीत. जठारपेठेत आमच्या घरासमोरच त्यांचा जनावरांचा दवाखाना. रस्ता ओलांडला की झालं… तरी माझ्या म्हाताऱ्या कुत्रीला त्यांचा हात कधी लागला नाही.

दिवाळीनंतर तिचं पोट वाढू लागलं. विचारायला गेले, तर हातातला चहाचा कप न ठेवता, दारातूनच पलीकडे झोपलेल्या राणीकडे पाहून ते म्हणाले, "गाभण हाये. खाऊपिऊ घाला."

"या वयात जी?"

"जनावराले वय कुठं असते, ताई."

एवढीच तपासणी. मग काय, कुत्री व्यायची असली की आमची गल्ली शिरा घेऊन येते. शेजारच्या जुबेदाखाला तर रोज तुपातला आणत. "खा बेटी, दोन जिवांची हायेस तू." राणी नुसता वास घेऊन मान फिरवायची. पिलांसाठी मी जुनी गोधडी फाडून ठेवली. दिवस उलटले, पिलं आली नाहीत, हिरड्या तेवढ्या पांढऱ्या पडल्या.

शेवटी अमरावतीला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई फरशीवर मांडी घालून बसल्या, दोन्ही हातांनी पोट चाचपलं आणि लगेच सोनोग्राफी करायला घेतली. सोनोग्राफीत प्लीहेवर नारळाएवढी गाठ दिसली. "इतके दिवस काय करत होता?" त्यांनी विचारलं. काय सांगणार… शिरा चारत होतो म्हणून? ऑपरेशन करून गाठ काढली, पण रोग यकृतापर्यंत पोचला होता. टाके सुकले, राणी पुन्हा फाटकाशी आपल्या नेहमीच्या गोणपाटावर बसून डॉक्टरांच्या स्कूटरवर भुंकली. उन्हाळा मात्र तिने पाहिला नाही.

लोक म्हणतात, झालं गेलं, सोडून द्या. मी नाही सोडणार. जुबेदाखालांनी तेव्हापासून घरात शिरा केलेला नाही, आणि हा माणूस रोज चहा पितो.

गोणपाट अजून तिथंच आहे. त्यावर खुर्ची टाकून मी दवाखान्याच्या वेळेला बसते. कुणी बकरी, कुत्रं घेऊन बाहेर पडलं की विचारते, "हात लावून पायलं का त्यायनं?" नाही म्हटलं की परत आत पाठवते. परवा डॉक्टर स्वतःच फाटकाशी आले.

"ताई, कावून माह्या मागं लागल्या? किती दिवस बसान अशा?"

म्हटलं, "राणीनं जलम काढला या गोणपाटावर. माही तर आत्ता सुरुवात हाये."