मावशी गेटवरून परत गेली

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत गेटचं अ‍ॅप आणलं ते मी. ही कबुली आधीच देऊन टाकतो, नाहीतर कुणीतरी ती काढणारच. कमिटीत होतो, हौस होती, आणि शहर स्मार्ट होतंय तर आपणच का मागे राहायचं, असं सभेत उभं राहून बोललो होतो. टाळ्यासुद्धा पडल्या. मग जिन्यातले दिवे माणूस हलला तरच लागायला लागले. बुटाची नाडी बांधायला बसलं की अंधार, आणि उजेडासाठी भुतासारखे हात हलवायचे. पाण्याच्या टाकीला सेन्सर बसला. पाणी संपल्याचा मेसेज यायचा तोवर माझ्या डोक्याला साबण लागलेला असायचा.

पण डोकं खरं खाल्लं ते अ‍ॅपनं. गेटवर कुणीही आलं की वॉचमन त्याचा फोटो काढणार, तो माझ्या फोनवर येणार, खाली दोन बटणं: मंजूर आणि नाकारा. मी बटण दाबेपर्यंत माणूस उन्हात उभा. दिवसातून पंधरा-वीस वेळा ते बोंबलायचं. घरात आई असायची, पण तिच्याकडे साधा बटणांचा फोन. बायको ताथवड्याला कॉलेजात शिकवते, लेक्चरला तिचा फोन बंद. म्हणून नंबर एकट्या माझा. आणि मी कुठे? चाकणला, कंपनीत! आमच्याकडे शॉपफ्लोअरवर फोन न्यायला बंदी. शिफ्टला आत शिरताना तो लॉकरमध्ये टाकायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढायचा. म्हणजे रहाटणीतल्या माझ्या घरात कुणी यायचं आणि कुणी नाही, हे दिवसभर चाकणच्या एका लोखंडी कप्प्यात कुलूपबंद. मला हे सुचलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाही सुचलं नाही, राव.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या महिन्यातली गोष्ट. आईला एकच बहीण, धाकटी, मावळात खेड्यात राहते. माझ्या लग्नापासून दोघींचा अबोला होता. कारण काय, तर मावशीकडे पत्रिका मी तिच्या लेकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली होती. घरी जाऊन, कुंकू लावून, अक्षत देऊन बोलावलं नाही. तेही माझंच शहाणपण. मावशी लग्नाला आली नाही, आई म्हणाली, "एवढा कसला गं ताठा?" आणि बघता बघता नऊ वर्षं गेली. आई एक दिवसाआड तिचं नाव काढायची, पण फोन काही करायची नाही. ऑपरेशनचं कानावर गेल्यावर मावशीनंच शेवटी माघार घेतली. कुणाला न सांगता एसटी धरली आणि बहिणीला बघायला निघाली.

त्या दुपारी मी कँटीनमध्ये वरण वाढून घेत होतो. लॉकरमधून नुकताच काढलेला फोन बोंबलला. फोटोत नऊवारीतली म्हातारी, हातात पिशवी, उन्हानं डोळे बारीक केलेले. नावाच्या जागी वॉचमननं नुसतं 'गेस्ट' लिहिलेलं. त्या आठवड्यात पापडवाल्या फार येत होत्या आणि आईला औषधानं आत्ता कुठे झोप लागत होती. मी अंगठा टेकवला. नाकारा. मग भाजीत मीठ जास्त पडलंय, यावर शेजारच्याशी गप्पा मारत बसलो.

संध्याकाळी घरी आलो तर आई पलंगावर बसून, डोळे सुजलेले. मावशीचा फोन येऊन गेला होता. "आक्का, आमी दारात आलो आन् तू वरनं न्हाई म्हनालीस. ऱ्हाऊ दे. आता मेले तरी यायची न्हाई." एवढं बोलून तिनं ठेवला होता. आई पुन्हा पुन्हा लावत होती, पलीकडे कुणी उचलत नव्हतं.

"मी कशाला नाही म्हणेन रे तिला?" आई म्हणाली. "मला तर कुणी विचारलंसुद्धा नाही."

मी बाल्कनीत जाऊन अ‍ॅप उघडलं, दुपारचा फोटो बघितला. मावशीच होती. आत येऊन सरळ खोटं बोललो. "ते आपोआप नाकारतं गं. मशीनला कसली आलीये अक्कल!" आईनं मशीनला शिव्या घातल्या. मीही घातल्या, तिच्यापेक्षा मोठ्यानं. रविवारच्या सभेत एकेकाला धारेवर धरतो, असंही वर म्हणालो. आई म्हणाली, "मी पण येते." आता नको कसं म्हणणार?

वॉकर टेकत टेकत ती खाली आली आणि पहिल्या रांगेत बसली. मग मी जे सुटलो म्हणता! म्हाताऱ्या माणसाला दारातून हाकलणारं कसलं आलंय स्मार्ट, डोंबलाचं! माणसाची काही किंमत आहे की नाही? आमचे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, थंड डोक्याचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. "आपोआप काही होत नाही हो यात. प्रत्येकाची नोंद राहते," ते म्हणाले. टीव्हीवर मावशी आली. खाली वेळ, आमचा फ्लॅट नंबर, 'नाकारले', आणि त्यापुढे माझं नाव. मागे कुणीतरी हसलं.

आई फोटोकडेच बघत होती. "किती वाळलीये रे ही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू ओळखलं नाहीस?"

"घाईत होतो गं."

"तू लहान असताना मी दवाखान्यात होते, तेव्हा वर्षभर सांभाळलंय तिनं तुला. तिच्या हातनंच जेवायचास. दुसऱ्या कुणाकडे जायचा नाहीस." एवढं बोलून ती उठली. "गाडी काढ."

मावळात पोचलो तेव्हा मावशी घराच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आईला वॉकरवर बघून उभी राहिली, पण पुढे आली नाही. आई तिथूनच म्हणाली, "मी नाही म्हणाले नव्हते गं. ह्यानं केलं ते. सांग रे तूच."

मी सांगितलं. अ‍ॅप, लॉकर, जेवणाची सुट्टी, पापडवाल्या. बोलता बोलता माझं मलाच ऐकवेना.

"म्हंजी आक्का न्हाई म्हनली न्हाई?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"तुला माझा फोटू दिसला व्हता?"

"हो, मावशी."

ती खाली उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. दोघी तिथेच अंगणात रडल्या. मग आईला हाताला धरून तिनं ओट्यावर बसवलं, पाठीला उशी दिली आणि माझ्याकडे आली. मी पाया पडायला वाकलो, तर खांद्याला धरून तिनं मला सरळ उभं केलं.

"पाया मागनं पड," ती म्हणाली. "आदी माझ्या तोंडाकडं बघ. नीट बघ. आता तरी वळखतोस का?"