अक्काने मागवलेले अकरा टी-शर्ट

पहिल्या दिवशी मी जिममध्ये गेले ती नवऱ्याचा जुना, गुडघ्यापर्यंत येणारा कुडता घालून. डॉक्टरांनी साखरेवरून दम भरला म्हणून गेले, हौस कसली? सरळ कोपऱ्यातल्या खांबामागे जाऊन उभी राहिले. तेवढ्यात काउंटरमागून एक किरकोळ अंगाची बाई गळ्यात टेप अडकवून तरातरा आली आणि म्हणाली, "हात वर करा बाई." मला वाटलं, झाला व्यायाम सुरू! तिने माझ्या छातीभोवती, मग पोटाभोवती टेप फिरवली आणि आकडा तोंडातून न काढता वहीत लिहिला. "माझ्या मापाचा नसेल हो तुमच्याकडे," मी पुटपुटले. "नसंल तर मागवतो की! कापड संपलंय व्हय जगातलं?"

ही सुमन अक्का. मूळची निपाणीची, म्हणून तिकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी सांगतो' असं बोलायची. वीस वर्षं बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात परदेशी जाणारा माल तपासून ती आमच्या येलहंकातल्या या जिममध्ये काउंटरवर आली होती. जिमचं नाव छापलेले टी-शर्ट मागवणं आणि विकणं हे तिचं काम. कोणाचीही साइज ती विचारायची नाही. स्वतः माप घ्यायची, त्याप्रमाणे मागवायची आणि माल आला की छोट्या कात्रीने मानेवरची साइजची चिठ्ठी कापून मगच हातात द्यायची. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "आकडा माझ्या वहीत हाय न्हवं? तुमच्या मानेवर कशाला वो?"

बरं, गिऱ्हाईक म्हणून कोणाची गय नाही. दंड फुगवत हिंडणाऱ्या एका पठ्ठ्याला दोन साइज लहान टी-शर्ट हवा होता. अक्काने तो घालायला लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आता स्वल्प श्वास सोड बघू." त्याने सोडला. पोट पुढे आलं, टी-शर्ट वर गेला. "काढ. असला विकला तर माझी अब्रू जाती." पोरगा लालेलाल झाला आणि मुकाट्याने बरोबर मापाचा घेऊन गेला. तिच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं. मलाही दोनदा सुनावलंय तिने, आणि तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता.

मग जिम एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि समीर नावाचा मॅनेजर आला. पुण्याचा, तिशीच्या आतला, वागायला गोड. नवे काळे टी-शर्ट यायचे ठरले. तो अक्काला म्हणाला, "अक्का, प्लीज समजून घ्या. टी-शर्ट म्हणजे आपलं ब्रँडिंग आहे. एक्सएलच्या वर ऑर्डर नाही टाकायची. बाहेर लोक बघतात ना, इमेजचा प्रश्न आहे. मोठ्या साइजवाल्यांनी आपापले कपडे घालून यावं, काहीच प्रॉब्लेम नाही." एक्सएलच्या वरच्या मापाच्या आम्ही अकराजणी तिथेच काउंटरपाशी घाम पुसत उभ्या होतो. एकीनेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. मला फक्त खांबामागे परत जावंसं वाटलं.

अक्का "सरी", म्हणजे कानडीत 'बरं', म्हणाली आणि ऑर्डर लिहायला बसली.

तीन आठवड्यांनी तिचा आम्हा अकराजणींना निरोप आला: उद्या सात वाजता या, चहासुद्धा घेत बसू नका. गेलो. तिने एकेकीच्या हातात काळा टी-शर्ट ठेवला. अगदी आमच्या मापाचे, पाठीवर जिमचं नाव ठसठशीत! "घाला आणि चालायच्या मशीनवर चढा. पाठ भिजल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई." आम्ही विचारलं, एवढी घाई कशाची? "कोरा माल त्यो परत धाडंल. घामेजलेला कपडा कुठलाच कारखाना परत घेत न्हाई."

समीर नऊला आला तेव्हा आम्ही निथळत होतो. त्याचा चेहरा पडला. काउंटरपाशी जाऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "अक्का, मी क्लिअरली सांगितलं होतं."

"सांगिटलं होतंस की. मी ऐकलं बी. पण पटलं न्हाई," अक्का चांगली मोठ्याने म्हणाली. "वीस वर्षं मी परदेशच्या बायकांचे एवढाले टी-शर्ट तपासून पेट्या भरल्या. तिकडच्या बायका जाड असल्या तर चालतंय, आमच्या येलहंकातल्या न्हाईत चालत? ह्या रोज येत्यात, घाम गाळत्यात. जिमचं नाव त्यांच्या पाठीवर नको, तर कुणाच्या?"

वरून हुकूम आला की अक्काने लेखी माफी मागावी, म्हणजे नोकरी राहील. नोकरीची तिला गरज होती. नवरा नाही, मुलगी नर्सिंग शिकत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "द्या हो लिहून, दोन ओळींचा तर प्रश्न आहे." ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जमीन दुभंगावी असं मला वाटलं. "चुकलं म्हणून लिहून दिलं, तर तुमची अंगं चुकलीत असं हुतंय बाई. ते मी लिवणार न्हाई." दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुसरी मुलगी होती.

आम्ही सगळ्यांनी जिम सोडायची ठरवली. अक्काला फोनवर सांगितलं, तर केवढी खवळली! "माझ्यासाठी घरात बसताय? मग त्याला तरी दुसरं काय पायजे होतं? गप जावा उद्या."

गेलो. आठवड्याने समीरचा जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: 'मान्य साइजबाहेरचे टी-शर्ट घालून कृपया जिममध्ये येऊ नये.' मी तो उभ्या उभ्या वाचला. त्या दिवशी काउंटरपाशी गिळलेलं सगळं वर आलं. मी लिहिलं, 'हा टी-शर्ट माझ्या मापाचा आहे. उद्याही हाच घालून येणार. ज्यांना बघवत नसेल त्यांनी तोंड फिरवावं.' खाली माझं पूर्ण नाव टाकलं. पाच मिनिटांत त्याखाली आणखी दहा नावं आली.

अक्काला ग्रुपमधून केव्हाच काढलं होतं, म्हणून फोन करून तिला सगळं वाचून दाखवलं. नावंसुद्धा एकेक वाचली.

"लिहून झालं न्हवं?" ती म्हणाली. "मग फोन ठेवा आणि व्यायाम करा."