व्हेनिसच्या फोटोला हार

नाटकात मार खायचंही एक तंत्र असतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी जन्मभर खलनायकाच्या लाथा खाल्ल्या. लाथ वीतभर अलीकडे थांबते, तबलजी थाप देतो, आपण खांदा आत घेऊन पडतो आणि मांडवातल्या बाया पदराने डोळे पुसतात. पडदा पडला की तोच खलनायक धावत येऊन विचारायचा, बाई, लागलं तर नाही ना? उतारवयात रेल्वेतल्या भावाकडे रायपूरला आले, तो गेल्यावर त्याच्याच घरात राहिले. गुढियारीच्या त्या घरात भिंतीपलीकडून गोदूच्या पडण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हाच मला कळलं, ही पडायला शिकलेली नाही.

गोदू तुमसरकडची. नवरा मारोती मालधक्क्यावर हमालांचा मुकादम. पोतं ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या कमरेला कायम असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी भातात खडा निघाला म्हणून गोदूचा दात गेला. पुढे तोच आकडा तिच्या खांद्यात रुतला, ती खूण मी पाहिली आहे. पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, सगळा ऐकायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी मध्ये पडले तर मारोती म्हणायचा, मीराबाई, हे नाटक नाही. मला ते माहीत होतंच.

छत्तीसगड हे राज्य नवं झालं, रायपुरात राजधानीची कार्यालयं उभी राहिली आणि पुण्या-नागपुराकडचे शिकलेले लोक आले. त्यांच्यातल्या क्षमाकडे गोदू स्वयंपाक करायची आणि तिच्या लहान पोराला सांभाळायची. क्षमा आणि तिचा नवरा पराग सुटीत व्हेनिसला निघाले. पोर गोदूशिवाय झोपत नसे, म्हणून तिलाही न्यायचं ठरलं. मारोतीने नाही म्हटलं नाही. आपली बायको विमानात बसणार, हे मालधक्क्यावर सांगायला त्याला आवडलं होतं.

परत आल्यावर गोदूने माझ्या ओट्यावर फोटोंचा पुडका उघडला. चौकातली कबुतरं तिच्या पदरावर बसलेली. पाण्याच्या गल्लीवर आडव्या दोऱ्या आणि त्यांवर वाळणारे कपडे, खाली पोराला कडेवर घेऊन स्वेटर घातलेली गोदू. म्हणाली, तिथंही धुणं बायाच धूत असतील, नाही तर इतकं नीट कोण वाळवते? जुने राजवाडे पाण्यात पाय सोडून बसलेले पाहून तिला वाटलं होतं, इथे पूर आला आहे.

"आपल्या पाऱ्यात नाली भरली तर लोक नगरसेवकाले शिव्या देतात," ती म्हणाली, "अन् तिथं पाणी पाह्यले तिकीट काढतात."

सगळ्यात आवडता फोटो तिने शेवटी काढला. काळी लांब नाव, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला म्हातारा नावाडी, त्याने पुढे केलेला हात आणि तो धरून नावेत उतरणारी गोदू. तोंड उघडं, पडक्या दाताची खिडकी दिसते आहे. इतकी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. हाच का आवडतो, विचारलं तर म्हणाली, बाई, आजवर माझा हात धरला तो ओढण्यासाठीच.

तिने तो मोठा करून चौकट करवून घेतली. त्याच रविवारी दुपारी मालधक्क्यावरचे दोघे मारोतीकडे आले. त्यांच्यातला एक फोटोपुढे उभा राहून म्हणाला, मुकादम, भाभीने तो गोरे का हाथ थाम लिया. मारोतीही हसला. ते गेल्यावर त्याने आतून कडी लावली.

फोटो जाळ, असं तो म्हणत होता. ती नाही म्हणत होती. पुढे तिचं नाही म्हणणं थांबलं आणि फक्त मार ऐकू येऊ लागला. मी दारावर मुठी आपटल्या, मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज लावला. आतून पाणी भरायचा पितळी गुंड दारावर आदळला. कडी निघाली तेव्हा गोदू चौकट पोटाखाली घेऊन पालथी पडली होती. काच फुटून तिच्या पोटात घुसली होती आणि उजवा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं. ती म्हणाली, न्हाणीत पडली.

पोटाला टाके आणि हाताला प्लॅस्टर घालून ती घरी गेली आणि रक्त पुसून फोटो पुन्हा खिळ्याला टांगला. संध्याकाळी मारोती झेंडूचा हार घेऊन आला. पाऱ्यातल्या बायाबापड्यांना दारात बोलावलं, फोटोला हार घातला, उदबत्ती लावली.

"आजपासून माही बायको मेली," तो म्हणाला.

आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला चुकूनही हार घालत नाहीत. उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी पदर तोंडाशी नेला. मारोतीला वाटलं असेल, ती पाया पडेल, हार काढा म्हणेल, फोटो चुलीत जाईल. गोदूने डाव्या हाताने गळ्यातलं डोरलं काढलं आणि हारावर अडकवलं.

"मेलेल्या बाईचं डोरलं घरीच राह्यते," ती म्हणाली. "अन् मेलेली बाई भात रांधत नाही."

ती माझ्याकडे आली ती आलीच. मारोती दोन दिवस हॉटेलात जेवला. मालधक्क्यावर हमाल गंभीर चेहऱ्याने विचारू लागले, मुकादम, तेरवी कब है? कोणी घाटाची चौकशी करी, कोणी टक्कल का केलं नाही विचारी. चारचौघांत त्याने स्वतःच हार घातला होता, आता नाही कसं म्हणणार?

तिसऱ्या दिवशी तो दारू पिऊन आकडा घेऊन आला. माझं दार त्याने आकड्यानेच उघडलं, फळीचा तुकडा निघाला. मी आडवी आले तर मला ढकलून दिलं. मी खांदा आत घेऊन पडले, म्हणून डोकं वाचलं. त्याने गोदूच्या झिंज्या धरल्या.

"चल घरी."

गोदूने प्लॅस्टरचा हात वर घेतला आणि सारी ताकद लावून त्याच्या तोंडावर हाणला. मग पुन्हा हाणला. प्लॅस्टर तडकलं, वेदनेने ती स्वतःच ओरडली, पण थांबली नाही. मारोती उंबऱ्यावर बसला. ओठ फाटला होता, रक्तासोबत त्याने दात थुंकला. दारात सगळा पारा जमला होता. या वेळी कोणाचा टीव्ही वाजत नव्हता.

"जा पोलिसात," गोदू धापा टाकत म्हणाली. "सांग, मेलेल्या बायकोनं मारलं."

आधी माझ्या शेजारची म्हातारी हसली, मग सगळेच. मारोतीने आकडा तिथेच टाकला आणि भिंत धरत घरी गेला. गोदूचा हात पुन्हा बसवावा लागला, तो आजही सरळ होत नाही.

हार वाळला तरी मारोती तो काढेना. काढला तर बायको जिवंत, नाही काढला तर लोक विचारणार. क्षमाने दुसरी प्रत काढून देते म्हटलं, पण गोदूला तोच हवा होता, ज्यावर ती पालथी पडली होती. तिने पारा मध्ये घालून निरोप धाडला, फोटो दे.

एका सकाळी तो स्वतः आला. सुजलेला चेहरा, हातात चौकट, तिच्यावर ना हार ना डोरलं. चौकट त्याने उंबऱ्यावर ठेवली.

"हार काढला मी," तो म्हणाला. "आता येशील?"

गोदूने काचेच्या फटीत अडकलेली झेंडूची पाकळी नखाने काढली.

"मी फोटो मांगला होता," ती म्हणाली.

तिने दार लावून घेतलं. माझ्या भिंतीवर माझा जुना, मुकुट घातलेला फोटो होता. तो मीच उतरवला आणि खिळा तिला दिला.