धीरजपेक्षा लांब

शिरीष खाडिलकर मला पहिल्यांदा भेटला तो आडवा. उरायासु स्टेशनमागच्या गल्लीत एका पिकअपखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत पांढरेशुभ्र मोजे, आणि बूट बाजूला, घराच्या दारात काढावेत तसे जोडीनं ठेवलेले. भूकंपाला तीन वर्षं झाली होती. त्या भूकंपात जमीन चिखलासारखी पातळ होऊन इथली, उरायासुतली मॅनहोल छातीएवढी वर आली होती. आता माणसंही उगवू लागली, असं मला वाटलं. मी घाबरून जपानीत विचारपूस केली. माझ्या जपानी उच्चारांवरून माझा तालुकासुद्धा ओळखून गाडीखालून मराठीत उत्तर आलं, "टेपचं ते टोक जरा धरता का?"

मी धरलं. पुढे दोन वर्षं ते मी सोडलंच नाही, असं माझी बायको म्हणते.

शिरीष मुंबईच्या एका बँकेतून इथे बदलीवर आलेला. स्वभावानं इतका सरळ, की दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून मगच कचऱ्यात टाकणार. त्याला एकच व्यसन होतं: धीरज. धीरज त्याच्याच बँकेतला, त्याच्याच वयाचा, हाकेच्या अंतरावर पण शेजारच्या इचिकावा शहराच्या हद्दीत राहणारा. या धीरजनं एकोणीसशे तीसच्या दशकातल्या अमेरिकन गाडीचा पत्र्याचा सांगाडा मिळवला, त्याखाली छोट्या जपानी पिकअपची चासी, म्हणजे चाकांसकट खालची चौकट, घातली आणि जुन्या गाडीची नवी शर्यतबाज गाडी, म्हणजे लालभडक हॉट रॉड, करून ती गणपतीला घेऊन आला. मंडळींनी नमस्कार गणपतीला केला आणि फोटो गाडीबरोबर काढले. शिरीषची बायको नीलिमा तर आत जाऊन बसली आणि धीरजला म्हणाली, "काय ऐसपैस आहे हो."

त्या दिवशी शिरीषनं उकडीचा मोदक अर्धा टाकला. खाडिलकरांच्या घरात ही घटना भूकंपाच्या खालोखाल धरतात.

महिन्याभरात शिरीषनंही तसाच सांगाडा पैदा केला. राहिली चासी. जुन्या पिकअप दोन प्रकारच्या मिळत होत्या, मागं माल ठेवायच्या आखूड हौद्याच्या आणि लांब हौद्याच्या. आखूड गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर या सांगाड्याला जवळजवळ तंतोतंत जुळतं, हे आम्ही त्या गल्लीत टेप लावून पाहिलंच होतं. शिरीष तीच घेणार होता. तेवढ्यात धीरजचा फोन आला.

"शिरीष, डोळे मिटून आखूड हौद्याची घे. सांगाडा न कापता बसतो. माझी तीच आहे. उचलायला मी येतो, जॅकही आणतो."

एवढ्या मायेनं कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल. शिरीषनं दुसऱ्याच दिवशी लांब हौद्याची घेतली.

"लांब घेऊन करणार काय?" नीलिमानं विचारलं.

"धीरजची आखूड आहे."

गॅरेजवाल्या कुरोदा-साननी ती चासी पाहिली आणि दातांतून लांब श्वास आत ओढला. ऑफिसात कुणी असा श्वास ओढला, की नकार समजून शिरीष फाईल मिटत असे. इथे मात्र ते त्याला कौतुक वाटलं. चासी मधून कापून आखूड करू, असं कुरोदा-साननी हळूच सुचवलं. पण कापली की माप धीरजचं होणार. म्हणून चासी तशीच राहिली आणि गाडीचं नाक वाढवलं. तयार झाली तेव्हा ती निळीशार, देखणी आणि फार लांब होती. शिरीष तिच्याभोवती फेरी मारायचा आणि दर फेरीला म्हणायचा, "धीरजला सांगू नका हं अजून."

सांगावं लागलं. जपानात गाडी ठेवायला पुरेशी जागा आहे असा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय ती नावावर होत नाही. शिरीषच्या इमारतीखालच्या जागेत मागं भिंत आणि पुढं रस्ता, आणि गाडीचं नाक रस्त्यात. तिरपी लावून पाहिली, तर शेजाऱ्याच्या गाडीला टेकली. जवळपास दुसरी मोठी जागा मिळेना. पोलिसांना चालेल इतक्या अंतरात तेवढं लांब अंगण एकाच घराला होतं.

शिरीष आठवडाभर फोनकडे बघत बसला. शेवटी नीलिमा म्हणाली, "मी विचारू का धीरजना?"

ते ऐकून त्यानं स्वतःच फोन लावला.

"अरे, विचारतोस काय," धीरज म्हणाला. "माझी जरा सरकवतो."

गाडी तिथे लागली. येणारेजाणारे दोन्ही गाड्या पाहून धीरजला विचारायचे, ही निळी नवी घेतली का. धीरज प्रत्येकाला प्रामाणिकपणे शिरीषचं नाव सांगायचा. शिरीषला त्याचाही राग यायचा.

पुढच्या मार्चमध्ये शिरीषची मुंबईला बदली झाली. गाडी नेण्यासारखी नव्हती. धीरजकडे आता दोन आहेत.