लोंढ्याला वाहणारा रवा

"सेमोलिना वॅगनमधून वाहत आहे. काय करायचे ते कळवा."

लोंढा जंक्शनची ही तार आमच्या स्टेशनमास्तर साहेबांनी दोनदा वाचली आणि माझ्यापुढे टाकली. तेव्हा मी बेळगाव स्टेशनच्या माल धक्क्यावर गुड्स क्लार्क होतो. पुण्याहून येऊन दोनच महिने झाले होते आणि नोकरी प्रोबेशनवर होती. सर्व्हिस बुकात एक वाईट शेरा पडला असता, तर मी परत पुण्याला, वडिलांची बोलणी खायला.

सेमोलिना म्हणजे रवा. संकेश्वरच्या आप्पांचा माल होता. "काय आहे?" विचारल्यावर ते म्हणाले होते, "ईस रवे हाइत." गोणपाटात बांधलेले वीस नग बाहेर बैलगाडीत होते. मी जागचा न हलता बुकिंगच्या स्लिपवर झोकात इंग्रजीत 'सेमोलिना' लिहिले.

"रवा वाहतो काय हो?" साहेबांनी विचारले. साहेब धारवाडचे, कानडी. रवा म्हटला की त्यांना उप्पीट आठवे.

मॅट्रिकला विज्ञानात मी पहिला होतो. म्हटले, "साहेब, घन पदार्थाला स्वतःचा आकार असतो. द्रवाला भांड्याचा. रवा घनच, पण दाणेदार. पोते फाटले की पाण्यासारखा ओघळतो."

साहेबांना पटले. आम्ही उलट तार केली, "पोती शिवून घ्या."

तासाभरात उत्तर आले, "शिवून थांबत नाही. सुई आत चिकटली. मुंग्या आल्या आहेत."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात आप्पाच पावती मागायला दारात उभे राहिले.

"आप्पा, तुमचा रवा वाहतोय!" मी ओरडलो.

"पाघळला व्हय? लोंढ्याची हवा लई दमट. गूळ पाणी सोडणारच की."

"गूळ? तुम्ही तर रवा म्हणालात!"

"मग? गुळाच्या ढेपंला आमच्यात रवाच म्हंत्यात. तुमास्नी काय वाटलं, शिऱ्याचा? आवं, एकेक रवा उचलाय दोन हमाल लागलं, बघितलं न्हाय व्हय?"

मी बघितले नव्हते. लोंढ्याच्या तारबाबूने नक्की बघितले असणार, पण कागदावर जे नाव तेच तारेत लिहायचे, हा रेल्वेचा रिवाज.

साहेबांनी नियमांचे पुस्तक उघडले. द्रव माल पत्र्याच्या डब्यातच हवा. गोणपाटात निघाला तर वाटेत उतरवायचा आणि बुक करणाऱ्या क्लार्कवर रिपोर्ट. घन माल ओला झाला असेल तर पुसून पुढे पाठवायचा.

"आता सांगा, विज्ञानवाले," साहेब म्हणाले, "हा घन की द्रव?"

माझे विज्ञान तिथेच संपले. पुस्तकात गूळ नव्हता.

आप्पा म्हणाले, "सायेब, त्यात काय एवढं? गोणपाट सोडाय सांगा. रवा आपल्या पायावर हुबा ऱ्हायला तर घट्ट. बसला तर काकवी."

काकवी म्हणजे पातळ गूळ. माझ्या घन-द्रवाच्या व्याख्येहून ही सोपी होती. साहेबांनी तशी तार केली. आप्पा बाकावर पान लावत बसले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

अर्ध्या तासाने उत्तर आले.

"सेमोलिना उभा आहे. खात्रीसाठी गार्ड त्यावर बसला. गार्ड उठत नाही."

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा शाईच्या दौतीवर आपटला. मग गंभीर होऊन त्यांनी निकाल दिला, "घन. द्रव असता तर गार्ड बुडाला असता."

गार्डाला दोन हमालांनी सोडवले. पँटचा थोडा भाग गुळाबरोबर पुढे गेला. नवे गोणपाट बांधून माल सुखरूप पोचला. आप्पांनी जाताना मला बजावले, "बाबू, लिवायच्या आदी हात लावून बघत जावा."

चार महिन्यांनी मी कायम झालो. सर्व्हिस बुकात साहेबांनी शेरा मारला, "विज्ञानात हुशार, किराण्यात कच्चा." त्याचा मला कधी राग आला नाही. नोकरी वाचली होती.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी कोणत्याही मालाच्या नावावर विश्वास ठेवला नाही. आधी पोत्यात बोट घालायचो, मग ते चाटून पाहायचो आणि मगच लिहायचो. निपाणीच्या तंबाखूला मात्र हा नियम एकदाच लावला.